तीन रविवारचे फोन

माझी धाकटी बहीण कल्पना मला वर्षातून पंधराच दिवस दिसायची, आणि त्या पंधरा दिवसांत तिचा जेवढा राग राग करता येईल तेवढा मी करून घ्यायची. उन्हाळ्यात गावची जत्रा आली की आई, अप्पा आणि ती तमिळ मुलखातून यायची. आमचं गाव विट्याच्या पलीकडं. तिथली निम्मी घरं वर्षभर कुलूप लावून असतात, कारण माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. कुणी केरळात, कुणी आसामात, कुणी बिहारच्या टोकाला. परक्या गावातल्या सराफांच्या बोळात एक खोली घ्यायची, भट्टी मांडायची, लोकांचे जुने मोडके दागिने मुशीत वितळवायचे आणि त्यातलं चोख सोनं वेगळं करून द्यायचं. अप्पांनी तिकडं स्वतःचं दुकान मांडलं तेव्हा मी तिसरीत होते आणि कल्पना चार वर्षांची. शाळेतली पोर मधेच उचलून न्यायची नको, तिथली भाषा तिला जमायची नाही, असं मोठ्यांचं ठरलं आणि मला कोरेगावला तारामावशीकडं ठेवण्यात आलं. मावशीला मूल नव्हतं. सगळ्यांच्याच सोयीचं झालं. मी एस.टी.च्या खिडकीशी उभी राहून आईच्या मांडीवरच्या कल्पनाकडं बघत होते, एवढं मला आठवतं. ती पेरू खात होती. तिनं तो मला दाखवला.

मावशीचं घर बाजारपेठेच्या मागच्या आळीला होतं, पुढं अंगण आणि मागं गोठा. मावशीचे यजमान फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. मी त्यांना काका म्हणायची आणि अख्खी आळी त्यांना हवालदार म्हणायची. पहाटे त्यांचा रेडिओ खरखरायला लागायचा, मग मावशीच्या भाकरी थापायचा आवाज, मग लांबून पुण्याकडच्या गाडीची शिट्टी. दसऱ्याच्या सुमाराला अंगणभर घेवडा वाळत पडलेला असायचा. मावशी काठीनं तो झोडपायची आणि सुपात घेऊन पाखडायची, तेव्हा त्या ठिपक्याठिपक्यांच्या दाण्यांचा जो आवाज व्हायचा तो मला अजून झोपेतसुद्धा ओळखू येईल. रोज रात्री घेवड्याची आमटी, बाजरीची भाकरी आणि खर्डा. मावशी मला कशाला काही कमी पडू देत नव्हती. पण मी जेवायला बसले की माझ्या डोक्यात एकच गोष्ट यायची. या वेळेला आई कल्पनाला भरवत असेल.

जत्रेला आली की ती माझ्यापेक्षा वेगळी दिसायची. तेलानं चपचपीत वेण्या, त्यात सुकलेला मोगऱ्याचा गजरा, पायात जाड पैंजण. आईला ती कधी आई म्हणायची, कधी अम्मा. मला तेही खुपायचं. माझ्याकडं आईसाठी एकच शब्द होता, तिच्याकडं दोन. आईला ती भाषा धड येत नसे. जत्रेत एखादी वस्तू महाग वाटली की आई कल्पनाच्या कानाशी लागून त्या भाषेत काहीतरी चुकतमाकत बोलायची, कल्पना तिला दुरुस्त करायची, आणि मग दोघी तोंडावर हात ठेवून हसायच्या. ते हसणं मी सहा वर्षं ऐकलं. मी त्यांच्या शेजारी उभी असायची आणि मला त्यातलं काही कळायचं नाही. रात्री आईच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती झोपायची, पण झोपेत आई तिच्याकडंच तोंड करून वळलेली असायची. सवयीनं वळत असेल. आज मी स्वतः आजी झाले आहे आणि मला हे समजतं, पण तेव्हा मी आईच्या पाठीकडं बघत जागी राहायची.

मी चौदा वर्षांची असताना, दसऱ्याच्या आधी, कल्पना कोरेगावला राहायला आली. भिकूमामा तिला घेऊन आले. ते आईचे चुलतभाऊ, त्यांचंही तिकडंच जवळच्या गावात दुकान होतं. त्यांनी अंगणात पिशवी ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं, पण आळीतल्या घरांत बाजूला घेऊन सांगितलेलं सगळ्यांना ऐकू येतं. एका माणसानं अप्पांकडं एक साखळी गाळायला आणली होती. ती चोरीची निघाली. तो माणूस पकडला गेला आणि त्यानं अप्पांचं नाव सांगितलं, म्हणाला की हे शेठ चोरीचा माल नेहमीच घेतात. अप्पांना पोलिसांनी नेलं, दुकानाला सील लागलं. आई तिथंच एका खोलीत राहून वकिलाकडं खेटे घालत होती. पोरीला हे सगळं बघायला लागू नये म्हणून तिनं कल्पनाला इकडं धाडलं.

"अप्पांनी खरंच घेतला का वं माल?" मावशीनं विचारलं.

"न्हाई गं. साखळी आणणाऱ्याबरोबर तिथला एक तोंडवळखीचा माणूस हुता म्हणत्यात. त्याच्या भरवशावर घेतली. पर तो माणूस कोण, त्याचं नाव काय, काय म्हाईत न्हाई दाजींना. रोज पन्नास माणसं येत्यात."

कल्पना हे सगळं ऐकत घेवड्याच्या ढिगाशेजारी उभी होती. दहा वर्षांची पोर. मला वाटलं आता रडेल. खरं सांगायचं तर ती रडावी असं मला वाटत होतं. ती खाली बसली आणि मावशीला म्हणाली, "मी पाखडू?"

पहिल्याच आठवड्यात तिनं माझं घर माझ्या हातातून काढून घेतलं, असं मला वाटलं. तिला भाकरी गिळेना. मावशीनं दुसऱ्या दिवसापासून सकाळी तिच्यासाठी भात टाकायला सुरुवात केली. सहा वर्षांत मावशीनं मला काय आवडतं हे विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, पण तो विचार तेव्हा कुठं सुचतोय. मग कल्पनानं तांदूळ आणि उडीद भिजवून पाट्यावर वाटले आणि मावशीच्या भाकरीच्या तव्यावर पातळ डोसे काढले. मावशी त्यांना धिरडीच म्हणायची, पण चार चार खायची. काका फौजेत असताना मद्रासकडं राहिलेले. त्यांना मोडकी तमिळ यायची. ती त्यांनी वीस वर्षांनी बाहेर काढली. संध्याकाळी ओट्यावर बसून ते तिला काहीतरी विचारायचे, ती उत्तर द्यायची आणि हवालदारकाका, जे माझ्याशी कधी अभ्यासापलीकडं बोलले नव्हते, गुडघ्यावर थाप मारून हसायचे. आई तिची होतीच. आता मावशीही आणि काकाही. ती मला अक्का म्हणायची, मी तिला शक्यतो हाकच मारायची नाही.

शाळेत तिला मराठी वाचता येईना. तिच्या वयाच्या पोरी पाचवीत होत्या, तिला दुसरीत बसवलं. आमचं हायस्कूल आणि तिची शाळा एकाच आवारात होती. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची आणि "यंडुगुंडू, यंडुगुंडू" करून नाचायची. ती बोलताना मराठीच बोलायची, पण तिचे ळ आणि ण वेगळे यायचे, वाक्य वर चढून संपायचं. माझ्या वर्गातल्या पोरींनी मला विचारलं, "ती तुझी बहीण न्हवं?" मी म्हणाले, "लांबची हाय." आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. तिनं ते ऐकलं. ती माझ्याकडं बघून परत वर्गात गेली आणि सात वर्षांच्या पोरांच्यात मांडी घालून बसली. तिथं बसायची तिला लाज वाटत नव्हती. घरी आल्यावर ती काकांचा जुना पेपर पुढं घ्यायची आणि एक एक अक्षर पाटीवर उतरवून काढायची. तीन आठवड्यांत तिनं काकांना पेपरातली मोठी अक्षरं वाचून दाखवली. काकांनी तिला खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली. मी आतून बघत होते. माझा त्या वर्षी संस्कृतात वर्गात पहिला नंबर आला होता आणि मला गोळी मिळाली नव्हती.

फोनचं सांगायला हवं. आमच्या आळीच्या तोंडाला मधुअण्णांचं किराणा दुकान होतं. तिथला फोन सगळ्या आळीचा. लोक आपल्या नातेवाइकांना तोच नंबर देत आणि फोन आला की मधुअण्णा गल्ल्यावरूनच हाक मारत. आईनं पहिल्या रविवारी सकाळी दहाला फोन केला तेव्हा आम्ही चौघंही गेलो. आई आधी मावशीशी बोलली. मग मला म्हणाली, "बरी हायस न्हवं? अभ्यास कर. कल्पीकडं ध्यान दे." आणि मग फोन कल्पनाकडं गेला, तो वेळ संपेपर्यंत तिच्याकडंच राहिला. ती त्या भाषेत हळूहळू काहीतरी सांगत होती, पलीकडून आईचा आवाज बारीक ऐकू येत होता, आणि मधेच आई हसल्यासारखं वाटलं. अप्पा कोठडीत असताना आई हसली. मी दुकानातल्या गुळाच्या ढेपेवरच्या माशा मोजत उभी होते.

दुसऱ्या रविवारी मावशी आणि काका रानात गेलेले, कल्पनाला ताप होता. मी एकटीच गेले. आई म्हणाली की सकाळी तिथं फोनला गर्दी असते, पुढच्या रविवारपासून दुपारी चारला करते, सगळ्यांना सांग. मी "व्हय" म्हणाले. घरी येऊन मावशीला सांगितलं, "आईला आता फोन करायला जमायचं न्हाई. लागंल तवा कार्ड टाकते म्हणाली."

हे मी का केलं ते मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे. त्यात गोंधळ काही नव्हता. मला आईशी एकटीनं बोलायचं होतं. माझी आई दोन वर्षांमागं कल्पनाच्या घरी वारली, म्हणून आता हे लिहिते आहे. ती असेपर्यंत माझ्यानं लिहिवलं नसतं.

त्यापुढचे तीन रविवार माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे आहेत. चारच्या सुमाराला मी मैत्रिणीकडं जाते म्हणून निघायची आणि मधुअण्णांच्या दुकानात पोत्यावर बसून राहायची. फोन वाजला की मधुअण्णांनी हाक मारायच्या आत मी उठायची. आई म्हणायची, "कल्पी कुठाय?" मी म्हणायची, "खेळाय गेलीया." एकदा म्हणाले, झोपली आहे. मग आई माझ्याशी बोलायची. पूर्ण वेळ माझ्याशी. खोलीच्या मागं फुलांचा बाजार आहे, पहाटे तिथून वास येतो, असं तिनं मला सांगितलं. घरमालकीण रोज तिला ताक आणून देते. अप्पांना भेटायला सोडतात पण बोलू देत नाहीत. "तू लय शाणी झालीस गं वने," ती एकदा म्हणाली. त्या दिवशी मी घरी जाताना वाटेत दोनदा थांबले, कारण मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी तिचा आवाज निराळा होता. "वने, नीट ऐक. पुढच्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी अप्पांना कोर्टात आणणार हायत. वकील म्हणतोय, साखळी आणणाऱ्याबरोबर जो माणूस आलता तो घावला तर अप्पा सुटत्यात. अप्पांना त्याचं नाव ठावं न्हाई. पर त्या दिशी कल्पी दुकानात हुती. शाळंतनं आलती आन् पायरीवर बसलती. तिला इचार. तिला म्हाईत असंल. इचारशील न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले. तिला विचारायचं तर आईचा फोन आला होता हे सांगावं लागणार. ते सांगितलं तर आधीचे फोनही बाहेर पडणार. मी तीन दिवस काही बोलले नाही. अप्पा कोठडीत होते आणि मी तीन दिवस गप्प राहिले, हे मला आज लिहिताना हात थांबवून पुन्हा वाचावं लागतं. बुधवारी संध्याकाळी कल्पना अंगणात घेवडा निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पांकडं त्यो साखळीवाला आला तवा त्याच्यासंगं कोण हुतं गं?"

"सेल्वीचे अप्पा," ती म्हणाली. "सेल्वी माझ्या वर्गात हाय. का?"

"उगंच."

"अम्मानं इचारलं?"

"न्हाई. आईचा कुठं फोन आलाय?"

ती परत खडे निवडायला लागली. मी ठरवलं की रविवारी आईला नाव सांगून टाकायचं, म्हणजे काम झालं आणि कुणाला काही कळायला नको.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेलीच नाही. अकराला तिच्या बाई घरी विचारायला आल्या. तिचं दप्तर अंथरुणांच्या ढिगामागं मिळालं, पुस्तकं त्यातच. एक फ्रॉक आणि पाण्याची बाटली नव्हती. मावशी खालीच बसली. काकांनी मला ओट्यावर बोलावलं आणि विचारलं, "तुला काय म्हाईत हाय?" ते ओरडले नाहीत. फौजेतल्या माणसाला ओरडावं लागत नाही. मी सगळं सांगितलं, पहिल्या खोट्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि म्हणाले, "चल."

स्टेशनवर कळलं की सकाळच्या मिरजेकडच्या गाडीत एक पोरगी एकटीच चढताना पोर्टरनं पाहिली होती. मास्तरांनी मिरजेला रेल्वेच्या फोनवरून विचारलं. थोड्या वेळानं उलट निरोप आला की पोरगी आहे, ऑफिसात बसवली आहे. पुढच्या गाडीनं आम्ही निघालो. तीन तासांत काका माझ्याशी एकदाच बोलले. ताकारी गेल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आईला काय सांगायचं ते तू सांग. मी सांगणार न्हाई." मी खिडकीतून उसाकडं बघत बसले. दहा वर्षांची पोर सकाळी याच वाटेनं एकटी गेली होती आणि आता मी काकांना धरून बसले होते. मला तिची काळजी वाटायला हवी होती. मला वाटत होतं की हेही तिलाच जमलं.

मिरजेच्या ऑफिसात ती बाकावर चहाचा कप घेऊन बसलेली होती. तिकीट तपासनिसानं तिला गाडीतच पकडलं होतं. तिनं त्याला सांगितलं की तिकीट नाही, मिरजेला उतरून बंगळूरच्या लहान रुळांच्या गाडीत बसायचं आहे, आणि मी हरवलेली नाही. मास्तरही हसून काकांना तेच म्हणाले, "साहेब, ही सारखी सांगतेय, मी हरवलेली नाही."

काका तिच्यापुढं उकिडवे बसले. "एकटी निघालीस? वाट ठावी हाय?"

"येताना मामांसंगं सगळी स्टेशनं बघून ठेवलीत. बंगळूरला गाडी बदलायची. आपल्या गाडीवर कसली अक्षरं असत्यात ते मला वाचता येतं."

"आगं पर नाव सांगायचं तर फोनवर सांगितलं असतं आपण."

"नाव सांगून काय हुतंय," ती म्हणाली. "सेल्वीचे अप्पा भित्यात, त्यांनाबी धरतील म्हणून मीबी आधी नाव काढलं न्हाई. त्ये कबूल कशाला करतील? त्यांच्याशी बोलाय पायजे. अम्माला नीट बोलाय येत न्हाई तिकडलं. वकिलाकडं, ठाण्यात, सगळीकडं मीच बोलत हुते. तिनं मला धाडाय नको हुतं."

आई तिला फोनवर इतका वेळ काय सांगायची ते मला तेव्हा कळलं. आई तिला विचारत असायची. ठाण्यातला माणूस काय म्हणाला याचा अर्थ काय, वकिलाला काय सांगू. आई तिचे लाड करत नव्हती. ती तिच्या आधारानं उभी होती. आणि मी मधले तीन आठवडे तो आधार काढून घेतला होता.

"फोन आल्याचं तुला कुणी सांगितलं?" काकांनी विचारलं.

कल्पनानं माझ्याकडं पाहिलं. "मधुअण्णांनी," ती म्हणाली. "मागल्याच्या मागल्या रविवारी. म्हणाले, तुझी अक्का दर रविवारी येती, तू का येत न्हाईस."

म्हणजे तिला जवळजवळ दोन आठवडे माहीत होतं. दोन आठवडे ती माझ्या शेजारी झोपत होती.

काका उठले आणि फलाटावर दोन फेऱ्या मारून आले. मग त्यांनी मधुअण्णांना फोन लावून मावशीला निरोप दिला आणि आम्हाला दोघींना घेऊन संध्याकाळची बंगळूरची गाडी पकडली. मी म्हणाले, मी परत जाते. ते म्हणाले, "न्हाई. तू बी बघ तुझी आई कशी ऱ्हाती."

दोन दिवसांनी आम्ही पोचलो. सहा वर्षं मी त्या घराची स्वप्नं बघितली होती. ती एक खोली होती, दहा पावलं लांब, भिंती धुरानं काळ्या झालेल्या. कोपऱ्यात स्टो आणि दोरीवर आईची एक साडी. आई इतकी वाळली होती की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिनं दार उघडलं आणि आधी कल्पनाला जवळ घेतलं. मग मला. कुणाला किती वेळ धरलं ते मी मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेल्वीच्या घरी गेलो. सेल्वीचे वडील एका सराफाकडं कारागीर होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि दार लावून घेतलं. आईनं हात जोडून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण तिचे शब्द मधेच तुटले. काकांची मोडकी तमिळही तिथं चालेना. मग कल्पना त्या घराच्या पायरीवर बसली. तिनं आवाज चढवला नाही. दाराकडं तोंड करून ती बोलत राहिली, थांबायची, पुन्हा बोलायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकच शब्द कळायचा, अक्का. सेल्वीच्या आईला ती अक्का म्हणत होती, आणि दर वेळी मला वाटायचं की मलाच हाक मारली, आणि मी मान वर करायची. ऊन वर आलं. शेजारच्या बायका जमल्या. एकीनं तिला पाणी दिलं, ते तिनं आधी आईला प्यायला लावलं. अकराच्या सुमाराला सेल्वी मागच्या दारानं येऊन तिच्याशेजारी बसली. मग दोघी बोलायला लागल्या. दुपारी दार उघडलं. सेल्वीची आई बाहेर आली, तिच्यामागं तो माणूस. तो कल्पनाला काहीतरी म्हणाला आणि तिनं मान हलवली.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"म्हणाला, मी वकिलाकडं येतो. पण तू बरोबर चल."

ती बरोबर गेली. त्या माणसानं सांगितलं की साखळीवाला त्याच्याच गल्लीत राहायचा, बायकोची साखळी म्हणून त्यानं सांगितलं आणि आपणच त्याला अप्पांकडं नेलं. पुढच्या गुरुवारी अप्पांना जामीन मिळाला. खटला बराच काळ रेंगाळला आणि शेवटी अप्पांचं नाव त्यातून निघालं, पण ते खूप पुढचं. कल्पना तिथंच वाढली, आज तिथं तिचं स्वतःचं दुकान आहे आणि बाजारातले लोक वादात तिला बोलावून नेतात.

अप्पा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. ते भिंतीकडं तोंड करून झोपले होते, काका परतीच्या गाडीचं बघायला स्टेशनवर गेले होते. मी दाराशी ताटात तांदूळ घेऊन खडे बघत होते. आईला सांगायचं ते मी रोज उद्यावर ढकललं होतं आणि आता उद्या आमची गाडी होती. आई कल्पनाची वेणी घालत होती. घालता घालता ती म्हणाली, "तीन रविवार फोन केला मी. एकदाबी आली न्हाईस तू. खेळ एवढा गोड लागला व्हय गं?"

आता कल्पना सांगणार, असं मला वाटलं. सांगायचा तिला हक्क होता आणि सांगितलं असतं तर मी नाही म्हणणार नव्हते.

कल्पनानं मान न वळवता म्हटलं, "अक्का दर रविवारी चल म्हणायची. मीच आले न्हाई. तुजा आवाज ऐकला की मला रडू आलं असतं."

फणी केसांतच राहिली. आईनं कल्पनाचं डोकं मागं ओढून छातीशी धरलं आणि ती रडायला लागली, इतके दिवस साठलेलं सगळं. कल्पनाही रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी ताटावर वाकले. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं लिहायचं म्हणूनच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. मला आधी लाज वाटली नाही. मला आधी वाटलं, ही परत आईच्या कुशीत गेली, आणि या वेळी तर माझ्याच खोट्यावरून गेली. लाज नंतर आली. आली ती अजून आहे. पण ती नंतर आली.